मेंढरं, डिग्र्या आणि ‘कुठली कम्युनिटी जास्त श्रीमंत’वाली यादी

आमच्या फॅमिली ग्रुपवर ती यादी दर दोनेक महिन्यांनी फिरून येतेच. अमेरिकेत कुठल्या वंशाच्या लोकांचं घरटी उत्पन्न किती, उतरत्या क्रमाने, भारतीय वरती, शेजारी तिरंगा आणि तीन फटाके. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली गेली तेव्हापासून तर ती जास्तच फिरतेय. खाली एका काकांची कमेंट, "मेहनत आणि संस्कार, बाकी काही नाही." त्याला सात अंगठे.

मी मात्र खाली खाली जात राहिलो आणि दोन नावांपाशी अडकलो, इराणी आणि बास्क. दोघंही मधल्या रेषेच्या वरच. पण एकाचा आजोबा नेवाडाच्या डोंगरात कुत्रं आणि हजारभर मेंढरं घेऊन एकटा राहायचा आणि दुसऱ्याचा बाप तेहरानमधून इंजिनियरिंग शिकायला विमानाने आला, आणि यादीत दोघांना एकाच तागडीत घातलंय. ही तुलना नक्की कसली हे जरा खोदून बघू, कारण आपल्या नावापुढचा आकडाही तिथेच उलगडतो.

आधी हे बास्क कोण

स्पेनचा उत्तरेकडचा कोपरा, त्याला लागून फ्रान्सचा थोडा तुकडा, मधे पिरेनीज डोंगर, तिथले लोक म्हणजे बास्क. त्यांची भाषा एउस्कारा, तिचं आजच्या कुठल्याच जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. आपल्या सगळ्यांना एक बास्क माणूस माहितीये फक्त तो बास्क आहे हे माहीत नसतं, जुन्या गोव्यात ज्याचं शव ठेवलंय तो सेंट फ्रान्सिस झेवियर. १५४२ ला गोव्यात उतरला, आणि त्याची घरची बोली बास्कच.

या लोकांत एक रीत होती. घर आणि वावर तोडायचं नाही, अख्खं एकाच वारसाला द्यायचं, बऱ्याच भागांत तो मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन जमीन गुंठ्यावर येते, त्यांच्याकडे वाटणीच नाही, म्हणजे उरलेल्या भावंडांनी चर्चमध्ये जा, जहाजावर जा नाहीतर अमेरिका गाठा. १८४८-४९ च्या सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात जे पहिले बास्क आले त्यातले बरेच आधी अर्जेंटिनात होते. सोनं सगळ्यांना थोडंच मिळतंय, पण खाणीवरच्या माणसांना मटण लागतंच, आणि मोकळं रान पडलेलं होतं.

२००० च्या अमेरिकन जनगणनेत स्वतःला बास्क वंशाचे म्हणणारे होते ५७,७९३. इराणी ३,३८,२६६. यातला बास्कांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

‘सरासरी’ आणि ‘मध्यक’, वडाप जीपमधून

अशा याद्यांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा मध्यक असतो, सरासरी नाही. फरक सोपा आहे. वडाप जीपमध्ये नऊ जण कोंबलेत, सगळ्यांचा महिन्याचा पगार पंधरावीस हजार. पुढच्या स्टॉपला एक जण उतरला आणि त्याच्या जागी साखर कारखान्याचा चेअरमन बसला (गाडी बंद पडली म्हणून, एरवी कशाला बसतोय). जीपची सरासरी लगेच लाखांत गेली, पण मागे लटकलेल्याच्या खिशात एक रुपया वाढला नाही. मध्यक म्हणजे नऊ जणांना उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभं करायचं आणि बरोबर पाचव्याचा पगार विचारायचा. चेअरमन आला तरी पाचवा जवळपास तिथेच राहतो.

म्हणून मध्यक बरा. पण तोही त्या पाचव्या माणसाबद्दलच बोलतो, पहिल्या आणि नवव्यात किती अंतर आहे ते सांगत नाही. लॉस एंजलिसच्या इराण्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट आहे, बेव्हर्ली हिल्समध्ये बंगला असलेलाही तिथेच आणि दुसऱ्याच्या दुकानात कॅशवर बसणाराही तिथेच.

पगार मेंढ्यांत घेतला तर काय होतं

आता बास्कांचा पैसा आला कुठून. मला यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

आपल्याकडे शेळी अर्धलीनं पाळायला देतात, जनावर तुझं, चारा-कष्ट माझे, पिल्लं निम्मी निम्मी. अमेरिकेच्या पश्चिमेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याच्याच जवळचा प्रकार चालायचा. बास्क पोरगा यायचा, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, एखाद्या मोठ्या मालकाकडे सालगड्यासारखा मेंढरं राखायला राहायचा, आणि मालकाला म्हणायचा, पगार रोख नको, मेंढ्यांत दे. त्या मेंढ्या तो मालकाच्याच खांडीत चारायचा. समजा वर्षाला सत्तरऐंशी मेंढ्या मिळाल्या. त्यांना कोकरं होणार, त्यातल्या माद्या ठेवायच्या, नर विकायचे. बर्फ, रोग, कायोटी (तिकडचा कोल्हा) सगळ्यांचा वाटा काढूनही चारपाच वर्षांत पोराची स्वतःची खांड उभी. मग तो मालकाला रामराम करून वेगळा व्हायचा. आणि असा वेगळा झाला की गावाकडून भाऊ, चुलतभाऊ बोलवायचा आणि त्यालाही पगार मेंढ्यांत.

बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखंच हे, फक्त व्याज बें बें करत यायचं.

पण हे जमलं कशामुळे? चारा फुकट होता. नेवाडा, आयडाहो, ओरेगन, तिकडची मैलोगणती जमीन सरकारी आणि मोकळी, म्हणजे एक अवाढव्य गायरान समजा. ना भाडं ना परवाना. स्वतःची एक एकर जमीन नसलेला माणूसही तिथे मेंढरांचा मालक होऊ शकायचा. जमीनवाल्या गुरांच्या मालकांचा अर्थातच यांच्यावर जळफळाट, ते यांना ‘ट्रॅम्प’ म्हणायचे, म्हणजे भटके.

शेवटी दोन दरवाजे बंद झाले. १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने अख्ख्या स्पेनचा कोटा केला वर्षाला १३१ माणसं. (एकशे एकतीस! आमच्याकडे लग्नाला वऱ्हाड याच्यापेक्षा मोठं असतं.) आणि १९३४ चा टेलर ग्रेझिंग कायदा आला, त्याने गायरान संपलं, चराईचे परवाने सुरू झाले आणि ते जवळपास स्वतःची जमीन असलेल्यांना. ज्यांनी तोवर जमीन घेतली होती ते रँचवाले, म्हणजे मोठ्या चराऊ जमिनीचे आणि जनावरांचे मालक झाले. उरलेले परत गेले, किंवा नोकरीतच राहिले, किंवा गावात येऊन दुसरं काहीतरी करू लागले.

गावात म्हणजे बहुतेकदा बोर्डिंग हाऊसच्या आसपास. हे गिरणगावातल्या खानावळीसारखं समजा. लांबलचक टेबल, सगळे एकत्र जेवायला, सूप, बीन्स, मटण, वाइन. पण काम जेवणापुरतं नव्हतं. मालकीणबाई पत्रं सांभाळायची, डॉक्टरकडे दुभाषी म्हणून जायची, हिवाळ्यात काम नसेल तर उधारीवर ठेवायची, पुढच्या नोकरीची खबर तिथेच मिळायची, आणि कित्येकांची लग्नंही तिथेच वाढायला आलेल्या मुलींशी जमली. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डचं नोरिएगा हॉटेल १८९३ पासून होतं, दुपारचं जेवण बाराच्या ठोक्याला. २०२० मध्ये बंद झालं.

एकटेपणाचं सांगायचं राहिलंच. महिनोन्‌महिने डोंगरात माणूस दिसायचा नाही. डोक्यावर परिणाम झाला की त्याला ‘सेजब्रश लागला’ म्हणायचे, सेजब्रश म्हणजे तिकडचं माळावरचं झुडूप. अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या खोडांवर या पोरांनी चाकूने नाव, साल, गावाचं नाव कोरून ठेवलंय, क्वचित बाईचं चित्रही. ती झाडं साधारण शंभर वर्षं जगतात, त्यामुळे आता एकेक पडत चाललीयेत. उत्पन्नाच्या यादीत या एकटेपणाचा कॉलम नसतो.

इराण्यांचा रस्ता पार वेगळा

१९७० च्या दशकात इराणमध्ये तेलाचा पैसा आला आणि देशाला इंजिनियर हवे होते, मग मध्यमवर्गाने पोरं धडाधड अमेरिकेत शिकायला पाठवली. १९७९-८० ला अमेरिकेत सगळ्यात जास्त परदेशी विद्यार्थी कुठले, तर इराणचे, ५० हजारांच्या वर. भारत चीन नाही, इराण. आणि ही पोरं तिथे असतानाच मागे इस्लामी क्रांती झाली, शाह म्हणजे तिथला राजा गेला, परतायचं घरच बदलून गेलं. म्हणजे आलेले विद्यार्थी म्हणून आणि राहिले निर्वासितासारखे. त्यांच्यामागून डॉक्टर, लष्करी अधिकारी, कारखानदार, शिवाय ज्यू, आर्मेनियन, बहाई अशी अल्पसंख्य कुटुंबं.

नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत लोकांना ओलीस धरलं गेलं, ४४४ दिवस. अमेरिकेत इराणी आडनाव ऐकलं की मुलाखत संपायची असे दिवस आले, सरकारने सगळ्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन ऑफिसात हजेरी लावायला लावली. बरेच जण स्वतःला इराणी न म्हणता पर्शियन म्हणायला लागले, ते आजही म्हणतात. नोकरी देणारे हात आखडते घेत असतील तर माणूस काय करणार, स्वतःचा धंदा काढणार. लॉस एंजलिसच्या वेस्टवूडमध्ये ओळीने पुस्तकांची दुकानं, किराणा, ट्रॅव्हल एजंट, आइस्क्रीम, सगळ्या पाट्या फारसीत, म्हणून गमतीने तेहरानजेलिस. २००७ मध्ये शेजारच्या बेव्हर्ली हिल्सला जिमी देलशाद नावाचा इराणी ज्यू मेयर झाला.

आणखी एक चाळणी लक्षात घ्या. १९८० ला दोन्ही देशांचे संबंध तुटले ते तुटलेच. तेहरानमध्ये अमेरिकन वकिलात नाही. जून २०२५ मध्ये इराण्यांवर प्रवासबंदी येईपर्यंत व्हिसाच्या मुलाखतीला अंकारा, दुबई, येरेव्हान असं कुठेतरी जावं लागायचं, तिकीट स्वतःचं, हॉटेल स्वतःचं, उत्तर नकारार्थी आलं तर पुन्हा तेच. ज्याच्याकडे पैसा नाही, डिग्री नाही, आधीच तिकडे असलेला मामा नाही, तो या चाळणीतून खाली पडतच नसे. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त प्रौढ इराण्यांकडे कॉलेजची डिग्री आहे ते यामुळे. इराणमधले सगळे तसे शिकलेत असा त्याचा अर्थ नाही.

"पण ते पैसा घेऊन आले होते ना, त्यात काय एवढं"

काही जण घेऊन आले होते, खरंय. पण बरेच जण ज्या पैशाच्या भरवशावर आले तो मागेच वितळला. १९७९ च्या सुमाराला एका डॉलरला साधारण ७० रियाल पडायचे, २०२५ मध्ये खुल्या बाजारात दहा लाखांच्या वर. म्हणजे तिकडे फ्लॅट विकून, पेन्शन काढून इकडे आणायचं म्हटलं तर हातात चहापाण्याचे पैसे. जप्त झालेल्या मालमत्ता वेगळ्याच. आणि डिग्री असली तरी लायसन्स लागतं, पन्नाशीचा सर्जन परत परीक्षांना बसणार की टॅक्सी चालवणार?

पण एक गोष्ट मात्र कोणी जप्त करू शकलं नाही, ती म्हणजे शिकण्याची सवय आणि ‘शिकून काय होतं’ हे घरात माहीत असणं. बाप टॅक्सी चालवत असला तरी मुलीला कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा हे कळत होतं. बास्क मेंढपाळाच्या घरात हे शिकायला एक पिढी गेली. त्याच्याकडे उलट दुसरी गोष्ट होती, जमीन.

आकड्यातली भानगड

इथे तुलना खरी फसते. रँचवाल्या माणसाकडे जमीन, पाणी, चराईचा परवाना, जनावरं सगळं मिळून किंमत डोळे पांढरे करणारी आणि वर्षाचं उत्पन्न मात्र कधी कधी तोट्यात. आपल्याकडे पुण्याच्या कडेला दोन एकर असलेला शेतकरी बघा ना, कागदावर करोडपती आणि सोसायटीचं कर्ज थकलेलं. यादी उत्पन्न मोजते, मालमत्ता मोजत नाही. पगारदार इराणी इंजिनियर यादीत वर दिसतो कारण त्याचं जे आहे ते सगळं सॅलरी स्लिपवर आहे.

मग राहणीमानाचा खर्च. बरेच इराणी लॉस एंजलिसच्या आसपास, बास्क बेकर्सफिल्ड, नेवाडातलं एल्को, आयडाहोतलं बॉइसी अशा गावांत. तिकडच्या डॉलरला इकडे वेगळं वजन. ठाण्यातले पन्नास हजार आणि उदगीरमधले पन्नास हजार सारखे असतात का?

शिवाय आकडा घरटी आहे. एका घरात चार कमावते आणि दुसऱ्या घरात एकटी म्हातारी, दोन्ही एकेक घर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वंश कोण ठरवतं? माणूस स्वतः. फॉर्मवर तुमचं मूळ काय असा प्रश्न असतो, तुम्ही लिहाल ते. १९८० ला बास्क साधारण ४३ हजार होते आणि २००० ला जवळपास ५८ हजार, तेही मधल्या काळात तिकडून माणसं येणं जवळपास थांबलेलं असताना. काही पोरंबाळं वाढली असतील, पण काही जणांना आपण बास्क आहोत हे लिहावंसं वाटायला लागलं असणार, उत्सव आले, नाच आले, बॉइसीत म्युझियम आलं. ज्याची आजी बास्क आणि बाकी तीन आजीआजोबा आयरिश-जर्मन तोही बास्क. म्हणजे यादीतला बास्क हा बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा अमेरिकन, आणि इराण्यांमध्ये अजूनही स्वतः विमानातून उतरलेले भरपूर. नातू आणि बाप यांची शर्यत लावल्यासारखं आहे हे.

वरून हे उत्पन्नाचे आकडे ज्या सर्व्हेतून येतात तो वर्षाला शंभरात जेमतेम एकदोन माणसांची माहिती घेतो. साठेक हजारांतून हजाराच्या आसपास माणसं, त्यांची घरं आणखी कमी. दोनचार मोठ्या रँचवाल्यांची घरं सापडली किंवा सुटली तरी आकडा इकडचा तिकडे. यादीत मात्र तो शेवटच्या डॉलरपर्यंत छापतात.

"काही म्हणा, रक्तातच असतं एकेकाच्या"

काकांचा मुद्दा. तर याला दोन उदाहरणं, माझ्या मते पुरेशी आहेत.

पहिलं आपल्या घरचं. इराणी म्हटलं की आपल्याला काय आठवतं, बनमस्का आणि चहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द आणि करमान भागातून झरथुष्ट्री इराणी मुंबईत आले, दुष्काळ आणि छळाला कंटाळून, खिशात फारसं काही नव्हतं. त्यांनी हॉटेलं काढली, धोबीतलावची कयानी १९०४ ची, पुण्याचं गुडलक १९३५ चं. तीही मेहनतच होती, पहाटे चारला उठून पाव आणायची. त्याच देशातून लॉस एंजलिसला गेलेले इंजिनियर आणि मुंबईला आलेले हॉटेलवाले, दोघं इराणीच. रक्तात काय होतं मग, ब्रेड की कॅल्क्युलस? कोण निघालं, कधी निघालं आणि समोर कुठलं दार उघडं होतं, फरक तेवढाच.

दुसरं उदाहरण मेंढ्यांचंच. बास्क लोक रक्ताने मेंढपाळ असतात हे अमेरिकेत सर्रास बोललं जायचं, पण आलेल्यांपैकी कित्येकांनी घरी पाचपंचवीसच्या वर मेंढ्या बघितल्या नव्हत्या. इंग्रजी लागत नाही असं काम तेवढंच मिळत होतं. दुसऱ्या महायुद्धापासून मेंढपाळ मिळेनात म्हणून पुढे नेवाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांनी कायदे करून आणखी बास्क आणवले. पुढे १९७० च्या दशकात स्पेन सुधारला, बास्क प्रदेशात तर कारखाने, मग डोंगरात एकटं मरायला कोण येतंय. त्यांच्या जागी आले पेरूचे लोक, ते आजही आहेत. तेच डोंगर, तीच कुत्री, तसाच एकटेपणा. पण पगार मेंढ्यांत नाही, रोख, आणि २०१५ पर्यंत बऱ्याच राज्यांत तो महिना ७५० डॉलर होता. व्हिसा तात्पुरता आणि त्या मालकाशी बांधलेला. गायरान तर १९३४ लाच संपलेलं. बास्क पोरगा चार वर्षांत मालक झाला, पेरूचा माणूस मुदत भरली की घरी. मेहनत कोणाची कमी होती सांगा.

मग आपल्या लोकांचं?

तेच. चाळणी. परीक्षा, मग इंजिनियरिंग, मग तिकडची फी भरू शकेल असं घर, मग व्हिसाची लॉटरी. एवढ्यातून जो पोचतो त्याचा मध्यक जास्त निघाला तर त्यात आश्चर्य नाही, कमी निघाला असता तर चौकशी लावायला हवी होती. यात कुणाच्या कष्टाला कमी लेखत नाहीये, माझा सख्खा मावसभाऊ तिकडे आहे आणि त्याने काय काय काढलंय मला माहितीये. पण त्याच्या वर्गात त्याच्याइतकाच हुशार एक जण होता ज्याच्या वडिलांना कर्जाला तारण द्यायला काही नव्हतं, तो आज साताऱ्यात क्लास घेतो, तो कुठल्याच यादीत नाही.

तर मग तुलना करायचीच नाही का

करा की. फक्त सारख्याशी सारखं लावा. पहिल्या पिढीशी पहिली पिढी, त्याच गावातला त्याच शिक्षणाचा माणूस, आणि उत्पन्नासोबत मालमत्ता. त्याहून चांगलं म्हणजे बापाच्या मानाने पोरगं कुठवर आलं ते बघा. त्या मापाने बास्कांची गोष्ट थक्क करणारी आहे. पॉल लॅक्सॉल्टचे वडील मेंढपाळ आणि तो स्वतः नेवाडाचा गव्हर्नर, मग सिनेटर. इराण्यांच्या बाबतीत याच मापाने पहिल्या पिढीत बरेच जण खाली घसरलेले दिसतील आणि मुलं परत वर चढलेली, जे मध्यकात सपाट होऊन जातं.

समजा आज बॉइसीतल्या एका ऑफिसात शेजारीशेजारी दोघं बसलेत, एक बास्क मेंढपाळाचा नातू आणि एक इराणी इंजिनियरची मुलगी. पगार डॉलरला डॉलर सारखा. त्याच्या नावावर आजोबांच्या रँचचा सहावा हिस्सा आहे, त्यावर भावकीत वाद चालू. तिच्या आजीचं तेहरानमध्ये ऑपरेशन आहे आणि इराणवरच्या अमेरिकन निर्बंधांमुळे बँकेतून सरळ पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून ती दुपारपासून फोनवर आहे, तेहरानला कोण चाललंय, कोणाच्या हाती पाठवता येतील हे शोधत.